ह्याचो मालक कोण?

परब पहिल्यांदा माझ्या दारात आले ते माझी चौकशी करायला नाही, माझ्या बेलची करायला.

जोगेश्वरी पूर्वेच्या त्या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. खोकी अजून उघडली नव्हती. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर साठी ओलांडलेले किडकिडीत गृहस्थ उभे. पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन, गळ्यात मोठाले हेडफोन. मी "या" म्हणाले, पण ते आत आले नाहीत. बोट वर करून त्यांनी मला थांबवलं, पुन्हा बेल दाबली आणि भिंतीला कान लावून ती पुरी वाजेपर्यंत ऐकली.

"ही चाल कोणाची?"

"बेलची."

"बेलची चाल नसते, बेलमध्ये कोणीतरी घातलेली असते. बेल विकत घेतलीत की फुकट मिळाली?"

"मिक्सरबरोबर मिळाली."

"फुकट," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मिक्सर चोरीचा निघाल्यासारखं मलाच वाटलं. "मगे ह्याचो मालक कोण?"

मी बेलकडे बघितलं. त्यांनी मान हलवली आणि समोरच्याच दारात शिरले. आतून एकामागून एक कड्या लागल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले.

आता माझंही थोडं सांगायला हवं. मी विमा कंपनीत क्लेम तपासते. पाठ मोडून अंथरुणाला खिळलेला माणूस पुतण्याच्या हळदीत नाचताना सापडतो, तो माझ्यासारख्यांमुळे. संशय घेण्याचा मला पगार मिळतो. समोर माणूस आला की मी आधी त्याच्यातली खोट शोधते, चांगलं काही सापडलं तर ते जादाचं. नवरा म्हणतो, लग्नाआधी तू माझेही कागद तपासले असतील. तपासले होते. त्यामुळे आपल्यापेक्षा जास्त संशयी माणूस आपल्याच मजल्यावर राहतो, ही गोष्ट मला जरा लागलीच.

वासुदेव परब मरोळच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथं त्यांचं काम तयार माल नापास करण्याचं. "पास करणारे वेगळे होते," असं ते सांगत, आणि त्या वेगळ्यांबद्दल त्यांचं मत काही चांगलं नव्हतं. बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन बडोद्याला. निवृत्तीनंतर नापास करायला कारखाना उरला नाही, म्हणून त्यांनी सगळं जगच तपासायला घेतलं होतं. पेपरात घालून आलेली शाम्पूची पुडी ते पेपरवाल्याला परत करत. मिठाईच्या दुकानात चवीला दिलेला पेढा हातात धरून "हा कशासाठी?" असं इतका वेळ विचारत की मागची रांग दुसऱ्या दुकानात जाई. पोरांनी त्यांचं नाव मालक-कोण आजोबा ठेवलं होतं.

गेटवर पाहुण्यांची नोंद मोबाईलवर करायचं ठरलं, तेव्हाची सोसायटीची सभा मला आठवते. सगळ्यांनी फोनवर ते अ‍ॅप घेतलं, ओके दाबलं आणि सामोशांकडे वळले. परब मात्र उभे राहिले. त्यांनी त्या अ‍ॅपच्या अटी छापून आणल्या होत्या.

"ओके दाबण्याआधी ह्या कोणी वाचल्या?"

"काका, अटी कोण वाचतं?" आमचे चेअरमन शिर्के म्हणाले. "दाबा ना ओके. फुकट आहे."

"फुकट आहे म्हणूनच वाचतोय. चौथ्या कलमापर्यंत आलोय. ओके दाबून माणूस हातचा जातो, शिर्के."

माणूस कसा जातो ते कोणी विचारलं नाही, सामोसे थंड होत होते. परबांचं वाचन पुढं महिनोन्‌महिने चाललं. तोपर्यंत त्यांच्याकडे कोणी आलं की वॉचमन खालून ओरडे, "परब काका, भाजीवाला," आणि परब वरून ओरडत, "गवार नको, दुधी आसा काय?" त्यांच्या ताटात काय पडणार ते पूर्ण इमारतीला कळे, पण त्या अ‍ॅपच्या मालकाला मात्र कळत नसे, याचं त्यांना मोठं समाधान होतं.

एक दिवस हेच शिर्के माझ्याकडे आले आणि दार लोटून बसले.

"मॅडम, तुम्ही तपासणीच्या लाइनमधल्या. त्या परबाच्या घरात एक माणूस आहे."

"कोण माणूस?"

"तेच तर. रोज गातो. परब त्याला शिव्या घालतो, तोही परबाला टोमणे मारतो. पण आत जाताना त्याला कोणी पाहिलं नाही, बाहेर येताना पण नाही. वॉचमनला विचारलं. वर हे कुरियरने डबे येतात. गाण्यांच्या चोरट्या कॉप्या बनवतो काय तो? पोलीस आले तर रिडेव्हलपमेंट अडकेल."

आमच्या सोसायटीत आग लागली, पूर आला किंवा कोणी पळून गेलं, तरी पहिली काळजी रिडेव्हलपमेंट अडकेल हीच असते. पण आवाज मीही ऐकला होता. भिंतीपलीकडे पुरुषी, भरदार गळा गाई, मध्येच तुटे, मागे जाऊन तोच तुकडा पुन्हा येई, आणि मग परबांचं "मेल्या" ऐकू येई. चौकशीचं काम मी आनंदाने घेतलं. रविवारी घरात थांबलं की डाळी निवडाव्या लागतात.

परबांनी आधी दाराच्या भोकातून पाहिलं, मग साखळी लावून फटीतून.

"शिर्क्यान पाठवल्यान काय?"

मी हो म्हणाले. मला खोटं बोलायची सवय नाही, ऐकायची आहे. ते त्यांना पसंत पडलं असावं, कारण साखळी निघाली. मी आत जाऊन बसले. घसा सुकला होता, तरी त्यांनी पाणी विचारलं नाही. आमच्या परभणीकडे दुष्मन जरी आला तरी आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात. मी मुद्दाम खाकरले. परब म्हणाले, "पाणी नाही देत मी कोणाला. टाकी कधी धुतली ते शिर्क्यालाही सांगता येत नाही. उद्या तुम्हाला काय झालं तर नाव माझं." मी मनात नोंद केली.

खोलीत एक कॉट, गवसणीतली पेटी, एक जुना कॉम्प्युटर आणि कुरियरने मागवलेल्या, उशांच्या अभ्र्यांत गुंडाळलेल्या हार्ड डिस्कांची रांग होती. दुसरा माणूस नव्हता. परबांनी काही न बोलता एक बटण दाबलं आणि तो गळा खोलीत आला. मृदंग थांबला होता, झांजा थांबल्या होत्या आणि तो माणूस माइकवर सावकाश बोलत होता:

"समोर बसलेले परब बुवा मरोळात माल नापास करतत. माझो त्यांका एकच प्रश्न आसा. बुवा, आपलो आवाज कधी तपासलात काय?"

मागं शेकडो माणसं हसली. परबही हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"बघा. मेलो कसो बोलता, बघा."

"कोण आहेत हे?"

"सावंत बुवा. चोर एक नंबरचो." मग थांबून म्हणाले, "होता."

म्हणजे माणूस आत गेला नाही की बाहेर आला नाही, त्याचा उलगडा झाला. शिर्क्यांना सांगण्याजोगं एवढ्यातच मिळालं होतं, पण मी उठले नाही.

कोकणातल्या माणसांना डबलबारी सांगावी लागत नाही, मला लागली. समोरासमोर दोन भजनी मंडळं बसतात, दोन बुवा, दोन पेट्या, दोन मृदंग. आळीपाळीने अभंग, गजर, गौळण होते आणि मधल्या वेळात बुवा एकमेकांची यथेच्छ उतरवतात. लोक भजनाला येतात आणि भांडणासाठी बसून राहतात. परब आणि सावंत तारुण्यापासून एकमेकांसमोर बसत आले होते. जोगेश्वरी, घाटकोपर, मुलुंड, जिथं मालवणी माणूस तिथं त्यांची बारी. सावंतांनी नवी चाल काढली की परब माइक ओढून विचारत, "बुवा, ह्या चालीचो मालक कोण?" म्हणजे माझीच चोरलीस. आणि सावंत दरवेळी तेच उत्तर देत, "जो गातलो तो." जो गाईल त्याची चाल, यावर टाळ्या पडत. परबांना टाळ्या आवडत नसत, पण प्रश्न विचारायचं त्यांनी कधी सोडलं नाही.

"आणि ही सगळी रेकॉर्डिंग तुम्ही करताय काय?"

"करतोय कसला, गोळा करतोय. ज्या ज्या साउंडवाल्याने आमच्या बाऱ्यांना माइक लावले, त्या प्रत्येकाच्या दारात गेलो. मूळ फाईल मागतो आणि फ्लॅक पद्धतीच्या फाईलमध्ये ठेवतो."

फ्लॅक हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसा माझी आई बाबासाहेबांचा फोटो पुसताना हात हळू करते. मी विचारलं नसतं तरी त्यांनी सांगितलंच असतं.

"बघा, एमपीथ्री म्हणजे काय? गादी बॅगेत मावत नाही म्हणून कापूस उपसून टाकायचा. वर सांगायचं, तुम्हाला झोपताना कळणार नाही. फ्लॅक म्हणजे तीच गादी दोरीने आवळून बांधायची. जागा अर्धी लागते, आणि दोरी सोडली की गादी होती तशी. एक बोंडसुद्धा कमी नाही."

"बरं, मग ह्याचा मालक कोण?" मी विचारलं. संधी सोडायची नव्हती.

परबांचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्यांना कोणी उलटा विचारला नव्हता. "तीच तर मजा. कोण नाय. ज्यांनी बनवला त्यांनी लिहूनच दिलंय. वापरा, वाटा, उघडून बघा, बदला. नाव आमचं ठेवा, आणि बिघडलं तर आमच्या नावाने बोंबलू नका. पेटंट नाही, वर्गणी नाही. उद्या ते सगळे मेले तरी माझी फाईल उघडायची थांबत नाही."

"काही बिघडलं तर आमची जबाबदारी नाही, हे आमच्याकडे लबाड लोक लिहितात."

"नाय मॅडम, लबाड लोक गॅरंटी लिहितात. तुमच्याच कंपनीचा कागद काढा." मी तो विषय वाढवला नाही. "फुकट वेगळा आणि मोकळा वेगळा. फुकटात मालक असतो, फक्त दिसत नाय. मोकळा म्हणजे मालकान कुलूप काढल्यान आणि चावी फेकून दिल्यान."

"हे तुम्हाला कुठून लागलं?"

त्यांनी एका डिस्कचा अभ्रा नीट केला. मग म्हणाले ते मालवणीत नव्हे, कारखान्यात रिपोर्ट देतात तशा कोरड्या मराठीत.

त्यांची शेवटची बारी घाटकोपरला झाली. शेवटचा गजर दोघांनी मिळून म्हणायचा, हा त्यांचा दोघांचा रिवाज. गजर रंगात आला आणि परबांचा आवाज फाटला. वर जाईना, खाली येईना. शेकडो माणसांसमोर. तेव्हा सावंत आपल्या माइकवर हात ठेवून वाकले, परबांच्या तोंडाशी तोंड आणलं आणि काहीतरी बोलले. मृदंग आणि झांजांच्या कल्लोळात परबांना ऐकू आलं नाही. दिसलं एवढंच की सावंतांचे ओठ हलले आणि त्यांची माणसं हसली. परबांनी पेटी बंद केली आणि गजर अर्धा टाकून मंडपातून चालू पडले.

"आयुष्यभर टोमणे मारले त्याने, पण ते माइकवर. माइक झाकून मारला तो टोमणा नव्हे, ती हलकट गोष्ट. मी बोलणं टाकलं."

सावंतांनी फोन केले, परबांनी उचलले नाहीत. मग सावंत आजारी पडल्याचं कळलं. परब उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिले. सावंत गेले.

"त्यानंतर मला झोप लागेना. नक्की काय बोलला तो? एका भजनांच्या अ‍ॅपवर ती बारी होती. सावंताने त्यांच्या कागदावर सही केली होती, न वाचता. मला म्हणायचा, परबा, माझ्या वाटचो संशय पण तूच घे. मी ते अ‍ॅप घेतलं. अटी न वाचता ओके दाबलं, आयुष्यात एकदाच. ती जागा काढून ऐकली. नुसता चिखल. मृदंगाच्या थापेखाली काही हलतंय एवढं कळत होतं, शब्द नाही. त्यांच्या मशीनने ठरवलं, एवढं बारीक कोणाला ऐकू येणार, काढून टाका. मी अजून नीट ऐकत होतो तर एक दिवस अ‍ॅपच बंद. कंपनी बसली. फाईल माझ्या फोनमध्ये आहे, पण त्यांची ती पद्धत त्यांच्याचकडे उघडायची. दार आहे, मालक पळाला."

माझ्या कामात मी खोटं दुःख लगेच ओळखते. ते नेहमी थोडं जास्त असतं. हे कमी होतं. मला वाईट वाटलं, आणि घसा अजून सुकलेलाच होता.

सगळ्या बाऱ्या त्यांना मिळाल्या होत्या, ती एक सोडून. त्या दिवशीचा साउंडवाला कोण, ते मंडळात कोणाला आठवत नव्हतं. मी घाटकोपरचं नाव ऐकून आमच्या भावाला फोन लावला. भावाची गायन पार्टी आहे, भीमगीतांचे कार्यक्रम करतात, आणि घाटकोपरमधले साउंडवाले एप्रिलमध्ये जयंतीला असतात तेच सप्टेंबरमध्ये गणपतीला. स्पीकरला जात नसते. भावाने लगेच नाव काढलं, "बबन असेल गं. त्याच्याकडे सगळ्या जगाचं रेकॉर्डिंग असतं."

परबांना घेऊन मी गेले ते बबनचं गोडाऊन म्हणजे पत्र्याची खोली, वायरींचे डोंगर आणि त्यात चाळिशीचा, सदा घाईत असलेला बबन. त्याने कॉम्प्युटरवर थोडी शोधाशोध केली आणि म्हणाला, "आहे ना. सगळे माइक वेगवेगळे आहेत, जसेच्या तसे. आपण एमपीथ्री करत नाय काका, वाट लागते. तसेच ठेवले असते तर डिस्क भरून उडवावे लागले असते. फ्लॅक केलं, अर्ध्या जागेत झकास. घ्या, कॉपी मारतो."

परबांनी हात पुढे केला नाही. ज्या गोष्टीसाठी हा माणूस झुरत होता ती समोर होती, आणि तो विचारत होता, "फुकट देतोस?"

"हो."

"कित्याक? कशासाठी?"

बबनने माझ्याकडे बघितलं. "ताई, हे असेच का?"

"असेच."

"अहो काका, माझं काय जातंय? आवाज तुमचा, सावंत बुवांचा. मी बटण वर-खाली केलं. माझ्याकडे नुसतं पडून आहे यार."

"मॅडमच्या समोर बोल. त्या विम्यातल्या आहेत."

बबनने माझ्या समोर, उजवा हात वर करून सांगितलं की ह्या रेकॉर्डिंगवर त्याचा कोणताही हक्क नाही आणि आता त्याला मुलुंडला मंडपात जायचंय. तेव्हा कुठे परबांनी डिस्क घेतली. घरी येईपर्यंत ती त्यांनी शर्टाच्या आत धरली होती.

मला वाटलं, त्याच दिवशी ऐकतील. भिंतीपलीकडून काही येईना. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "आधी फाईल तपासतोय." फ्लॅकच्या पोटात एक आकडा लिहिलेला असतो. आवाजात टिंबभर जरी बदल झाला तरी तो जुळत नाही. तो जुळला. त्यांनी तो पुन्हा तपासला, पुन्हा जुळला. पुढच्या दिवशी म्हणाले, "लायसन पुन्हा वाचतोय." मग म्हणाले, "हेडफोनची वायर संशयास्पद आहे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं मी तारीख पुढे ढकलणारी माणसं बघत आले आहे. ज्यांच्याकडे लपवायला काही असतं ते ढकलतात, आणि ज्यांना निकालाची भीती वाटते तेही. परबांना त्या ओठांतून काय निघेल याची भीती वाटत होती. टोमणाच निघाला तर मित्र गेला, आणि टोमणा नसेल तर फोन न उचललेले ते सगळे दिवस गळ्यात येणार. दोन्हीकडून तोटाच होता. मला त्यांची दया आली, पण दया दाखवली असती तर त्यांनी तिचाही मालक विचारला असता.

"परब," रविवारी दुपारी मी त्यांच्या दारात उभी राहून म्हणाले, "हा क्लेम आता निकाली काढायचा. मी बसते समोर."

त्यांनी हेडफोन बाजूला ठेवले आणि स्पीकर लावला. साक्षीदाराला ऐकू यायला हवं, म्हणाले. सावंतांचा माइक झाकलेला होता, पण परबांचा उघडाच होता, आणि सावंत वाकले होते ते त्याच माइकजवळ. परबांनी बाकीचे सगळे आवाज एकेक करून खाली केले. मृदंग गेला, झांजा गेल्या, गर्दी गेली. उरला परबांचा स्वतःचा फाटका आवाज, ऐकवत नव्हता. तो थांबला. धाप ऐकू आली. मग अगदी जवळून, घाईघाईत, हळू:

"वासू, पाणी पी रे. घसो बसलो तुझो. मी गजर लांबयतंय तवसर."

पुढे पेटी बंद झाल्याचा खटका.

परबांनी मागे जाऊन पुन्हा लावलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्हाला काय ऐकू आलं?" आपल्या कानावरही त्यांचा विश्वास नव्हता. मी माझ्या परभणीच्या जिभेने ते जसं जमेल तसं म्हणून दाखवलं. त्यांनी "लांबयतंय" दुरुस्त केलं. मग दोन्ही तळहात तोंडावर धरून बसून राहिले. सावंतांची माणसं कशाला हसली होती, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. कोणाची टोपी पडली असेल.

"तो गजर लांबवत राहिला असेल," परब तळहातांआडून म्हणाले. "मी येईन म्हणून."

बबनच्या रेकॉर्डिंगमध्ये ते पुढे होतंच. सावंत एकटे तो गजर म्हणत राहिले होते, बराच वेळ, पुन्हा पुन्हा त्याच ओळीवर येत. लोक उठू लागल्याचा गलबला आला तरी थांबले नव्हते. आम्ही तो पूर्ण ऐकला.

त्यानंतर परबांनी ठरवलं की सगळ्या बाऱ्या मोकळ्या करायच्या. नेटवर ठेवायच्या, फ्लॅकमध्ये, कोणीही घ्याव्या, वाटाव्या, त्यातल्या चाली गाव्या. मी म्हणाले, सावंतांच्या घरून विचारा, हक्क आता त्यांचा. अ‍ॅपवाल्यांचा जुना कागद मी सावंतांच्या मंडळाकडून मागवून कलमवार वाचला, तो त्यांनी केलेल्या आवृत्तीपुरताच होता. परबांना आता फोन करावाच लागणार होता. त्यांनी तो माझ्या घरून केला, माझ्या फोनवरून, बहुधा माझा नंबर ओळखीचा नसल्यामुळे उचलतील म्हणून. पलीकडून सावंतांच्या पत्नी बोलल्या. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"वासू भावोजी, इतक्या दिवसांनी फोन केलास, तो परवानगी मागूक?"

परबांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. मी फोन घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी दिला नाही.

"देवन् टाका सगळ्यांका," त्याच म्हणाल्या. "घरात ठेवन् काय करू? आणि घरी येवा एकदा."

एक गोष्ट मात्र अडली. परब सगळं तयार करून बसले होते, मी साक्षीला होतेच. अटी लिहिल्या होत्या: वापरा, वाटा, बदला. सावंताचं नाव ठेवा. "बदला" या शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

"मॅडम, उद्या कोण शहाणो येतलो. म्हणतलो, ही मधली कुजबुज काय कामाची? आणि कापून टाकतलो."

"टाकेल," मी म्हणाले. "मग अट घाला. एवढी ओळ सोडून बाकी काय ते बदला."

"मगे ता मोकळा कसा? ता कुलूपच झाला." ते खुर्चीत मागे टेकले. ज्या माणसाला पेढ्यावर विश्वास नव्हता, त्याला आता जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाच्या हातात ती एक ओळ द्यायची होती, आणि तो माणूस कापणार नाही याची कुठलीही गॅरंटी मागता येत नव्हती. मी त्यांच्या जागी असते तर अट घातली असती. खुशाल घातली असती. ते खूप वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि मला पहिल्यांदाच त्यांच्याकडे संशयाने बघवेना.

"कापतले ते कापतले," शेवटी ते म्हणाले. "कोण तरी एक ठेवतलो." आणि त्यांनी बटण दाबलं.

फाइली जायला वेळ लागत होता. मी बसून शिर्क्यांना काय रिपोर्ट द्यायचा ते मोठ्याने ठरवत होते. गाणारा माणूस सापडला, चोरी नाही, रिडेव्हलपमेंटला धोका नाही, असं काहीबाही बडबडत होते. परब उठून आत गेले. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात पेला होता, काठोकाठ भरलेला. तो त्यांनी माझ्यासमोर धरला.

"पाणी पी गो बाय," ते म्हणाले. "मगासधरना बोलतंस. घसो बसतलो तुझो."